तानाबाईचं उघडं तोंड

“आणि दात? दात कुठं हायत हिचं?”

पृथ्वीराजदादांनी गॉगल कपाळावर चढवला आणि दाताचा डॉक्टर वाकतो तसं वाकून मातीच्या पुतळ्याच्या तोंडात बघितलं. मागं उभे असलेले पुतळा कमिटीतले लोक खुसखुसले.

शिवय्यास्वामी हातातलं ओलं फडकं पिळत म्हणाले, “न्हवतंच की वो त्यास्नी दात. म्हातारपणी एक बी ऱ्हायला न्हवता.”

“ते आमास्नी म्हाईत हाय स्वामी. म्हातारी आमच्याच गावची. पर जगाला कशाला दाखवायचं? उद्या मंत्री येणार, फोटू निघणार. आमच्या गावाची माउली आणि तुमी बोळकं घेऊन उभी करताय व्हय?”

कोल्हापुरात उद्यमनगरात एका फाउंड्रीच्या मागच्या अंगाला शिवय्यांची शेड आहे. पुढं ट्रॅक्टरचे सुटे भाग ओततात आणि मागं हे माणसं घडवतात. शेडच्या मधोमध पाटावर तानाबाई उभी होती. अजून मातीतली, अंगभर ओलसर. एक पाय किंचित पुढं. लुगड्याचा पदर डोक्यावरून घसरून खांद्यावर आलेला. डावा हात कानावर, उजव्या हातात चिपळ्या. मान वर उचललेली आणि तोंड उघडं. नुसतं उघडं नव्हे, सूर वर चढला की पोटापासून उघडतं तसं उघडं. बघणाऱ्याला वाटावं, आता या तोंडातून आवाज येईल आणि शेडचे पत्रे थरथरतील.

ज्यांनी तानाबाईचं कीर्तन ऐकलं नाही त्यांना हे कसं सांगावं? शिरोळ भागातली, कृष्णाकाठची ही बाई. नवरा लवकर गेला. दिवसा लोकांच्या उसात भांगलण करायची आणि कुठं सप्ताह असला की चिपळ्या घेऊन उभी राहायची. शिक्षण नाही, गुरू नाही, बिदागीचा हट्ट नाही. तिचं बोलणं ऐकून हसता हसता माणूस कधी रडायला लागला हे त्याचं त्याला कळत नसे. दात पडले तेव्हा कीर्तनात म्हणाली होती, “देवानं दात माघारी न्हेलं. जीभ तेवढी ठिवलीया. म्हंजे तिचं काम ऱ्हायलंय म्हणायचं!” मोठा पूर आला तेव्हा अख्खं गाव शाळेच्या माडीवर अडकलं होतं. खाली पाणी जिन्याच्या पायऱ्या गिळत होतं, पोरं किंचाळत होती, बाप्यांनी हातपाय गाळले होते. ही बोळक्या तोंडाची बाई उभी राहिली आणि बोट येईपर्यंत गात राहिली. मधे खोकली, पाण्याचा घोट घेतला, पुन्हा गायली. गावातली माणसं अजून सांगतात, त्या दिवशी आम्ही पाण्याकडं बघितलंच नाही, तिच्या तोंडाकडं बघत होतो.

तिच्या तोंडाकडं! आणि कमिटीला आता तेच तोंड नको होतं.

“पदर डोक्यावर घ्यायला पायजे,” एक जण म्हणाला. “बाईमाणूस हाय. उघड्या डोक्यानं चौकात उभी करायची म्हंजे...”

“आणि कानावरचा हात काढा, आशीर्वादाला करा. कानावर हात म्हटल्यावर लोक म्हणतील, गावाचं काय ऐकंना झालीया,” दुसरा म्हणाला आणि आपल्याच विनोदावर हसला.

निवृत्त हेडमास्तर गणपतराव कमिटीचे सल्लागार होते. त्यांनी घसा खाकरला. “मुख्य मुद्दा तोंडाचा आहे. थोरांचे पुतळे धीरगंभीर असतात. तोंड उघडं असलेला थोर पुरुष कुठं पाहिलात तुम्ही? शिवाय व्यवहारही बघा. पाखरं घरटं करतील आत.”

दाराजवळ राजनंदिनीताई उभ्या होत्या. त्या गावच्या सरपंच आणि पृथ्वीराजदादांच्या पत्नी. त्या हळूच म्हणाल्या, “पर तानाआत्या अशाच दिसायच्या की वो कीर्तनात. मी लहान असताना...”

“तू थांब जरा,” दादा म्हणाले. सरपंच थांबल्या.

मग दादा पुढं झाले. “हे बगा स्वामी, अवघड कायच न्हाय ह्यात. असं.” आणि काय होतंय हे कळायच्या आत त्यांनी उजव्या हाताचा अंगठा तानाबाईच्या खालच्या ओठावर ठेवला आणि वर रेटला.

माती मऊ होती. ओठ सरकला, एका बाजूला वाकडा झाला, वरच्या ओठाला जाऊन भिडला. अंगठ्याच्या रेघा त्याच्यावर उमटल्या. दादांनी अंगठ्याकडं बघितलं आणि शिवय्यांच्या हातातल्या फडक्याला तो पुसला.

कीर्तनाला जो उभा राहतो तो नारदाच्या गादीवर उभा असतो, हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तिथं वय बघत नाहीत, जात बघत नाहीत. सासरा सुनेच्या पाया पडतो, सावकार गड्याच्या पाया पडतो. कीर्तन चाललेलं असताना कोणी मधे आडवं जात नाही. आणि या माणसानं पायातले बूटसुद्धा न काढता कीर्तनातल्या बाईच्या तोंडात अंगठा घातला! ती मातीची होती म्हणून? मग आपण सगळे कशाचे आहोत?

शिवय्या त्या ओठाकडं बघत राहिले. मग म्हणाले, “बघतो.”

“बघतो न्हवं, करा. सोमवारी पंचायतीत मीटिंग हाय. बदल करून फोटू घिऊन या.”

गाड्या गेल्या. शिवय्यांची बायको मल्लव्वा चहाचे कप ताटात घेऊन आतल्या खोलीच्या दारात केव्हापासून उभी होती. तिनं ताट खाली आदळलं.

“अय्यय्यो! बघतो म्हणं, बघतो! तुमच्या जन्मदात्या अव्वाच्या तोंडात अंगठा घातला असता तर बी बघतोच म्हणला असता का वो?”

“अगं, गप.”

“मी गप ऱ्हाते. तुमी तर जन्मापासनं गपच हाय. घरात दोन गप माणसं, आणि बोलणारी एक हाय तिचं तोंड तो मिटवून गेला!”

शिवय्यांनी फडकं पाण्यात बुचकळलं आणि पुतळ्यावर टाकलं. बाई खरं बोलत होती.

गडहिंग्लजजवळच्या खेड्यातलं हे जंगमाचं पोर. बाप घरोघरी पूजेला जायचा. पोरगं बेंदराच्या सणाला मातीचे बैल करायचं, आणि बैल असे करायचं की एक मारका वाटावा, एक थकलेला. शाळेतल्या मास्तरांनी हट्ट धरला म्हणून ते कोल्हापुरात कलाशाळेला आलं. शेवटच्या वर्षी शिवय्यांनी चुलीपुढं भाकरी थापणारी बाई केली होती. परीक्षक तिच्यापुढून हलेनात. बक्षीस मिळालं, पेपरात फोटो आला. पोराला वाटलं, आता आयुष्यभर अशीच माणसं करू. राबणारी, घाम पुसणारी, आपल्या आपल्यात हसणारी.

पण चुलीपुढच्या बाईचा पुतळा कोण करून घेतो? पुतळे होतात ते चेअरमनांचे, आमदारांचे, आमदारांच्या वडलांचे. शिवय्यांनी ते केले. आणि प्रत्येक वेळी शेडमध्ये कमिटी आली. पोट आत घ्या. उंची वाढवा. छाती जरा पुढं काढा. बोट असं समोर करा, दिशा दाखवताना. ज्यांनी हयातीत कुणाला धड रस्ता दाखवला नाही त्यांची बोटं शिवय्यांनी जिल्हाभर चौकाचौकात उंच करून ठेवली. टाचेपाशी बारीक अक्षरात स्वतःचं नाव कोरायचे. चौथऱ्याला फरशी बसवताना गवंडी ते हमखास बुजवून टाकायचा. उद्घाटनाच्या पाटीवर मंडप घालणाऱ्याचंसुद्धा नाव असायचं, यांचं नसायचं. घरी येऊन शिवय्या मुकाट्यानं जेवायचे.

एकदा मात्र चटका बसला होता. एका संस्थापकांच्या डोळ्यात तिरळेपणा होता. शिवय्यांनी तो जसाच्या तसा केला, कमिटीनं सरळ करायला लावला, यांनी केला. उद्घाटनाला संस्थापकांची म्हातारी बायको आली. पुतळ्याकडं बराच वेळ बघत राहिली आणि सुनेला म्हणाली, “ह्ये कोन गं? आमचं असं सरळ कवा बघायचं?” सून कसनुशी हसली. शिवय्यांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

तानाबाईला मात्र त्यांनी ऐकलं होतं. मल्लव्वाच्या नादानं एका सप्ताहाला गेले आणि मग जातच राहिले. शिवभक्त माणूस, विठ्ठलाच्या कीर्तनात पुढं बसायचा. तानाबाईनं एकदा भर कीर्तनात त्यांना पकडलं होतं. “स्वामी, तुमचा देव बसून असतोय, आमचा उभा. दोघं भेटल्यावर म्हणत असतील, अदलाबदल करूया का, पाय दुखाल्यात!” सगळा मंडप हसला आणि शिवय्या सगळ्यांत जास्त. म्हणून जेव्हा गावानं तिचा पुतळा करायचं ठरवलं, तेव्हा त्यांना वाटलं, महादेवानं उशिरा का होईना ऐकलं. चुलीपुढच्या बाईनंतर प्रथमच त्यांनी कुणाचं तरी खरं तोंड केलं होतं.

दुसऱ्या दिवशी शिवय्या एसटीनं तानाबाईच्या गावाला गेले. सरळ बयाबाईच्या घरी. बयाबाई म्हणजे तानाबाईची टाळकरीण. तानाबाई पुढं, ही मागं. सगळ्या जन्मात जागा बदलली नाही. आता डोळ्यांत मोतीबिंदू. अंगणात पाय पसरून शेंगा फोडत बसली होती.

“कोन पावणं?”

“मी शिवय्या. पुतळेवाला.”

“या, बसा की. झाली का आमची तानी उभी?”

“उभी हाय. पर कमिटी म्हणालीया तोंड मिटवा.”

बयाबाईचा हात शेंगेवर थांबला. “कशापायी? त्यास्नी काय बोलली का काय ती?”

“दात न्हाईत, बरं दिसत न्हाय म्हणत्यात.”

“मग माझं बी एकदा शिवून घ्या म्हणावं!” तिनं टरफलं बाजूला लोटली. “आता मेल्यास्नी दात दिसाल्यात व्हय? माडीवर पाण्यात बसलतं तवा ह्यो पृथ्वीराज माझ्या मांडीला मांडी लावून बसलता. गडी लटलटा कापालता. तानी गायला लागली तवा तिच्या लुगड्याचं टोक धरून बसला. तवा दात मोजलं न्हाईत वाटतं.”

शिवय्या म्हणाले, “आक्का, मी विचारायला आलोय. तुमी जन्मभर त्यांच्यासंगं व्हता. मिटलं तर चालंल का? थोडं, अर्धवट?”

म्हातारीनं हातातली शेंग खाली ठेवली. शेजारी कोंबडी शेंगदाणे टिपायला आली, तिला तिनं हुसकलं नाही.

“स्वामी, मी टाळ धरून मागं असायची. मला तिची पाठच जास्त ठावं. कीर्तन झालं की वळायची आणि हसायची, तवा तोंड दिसायचं. झोपली तरी उघडंच असायचं, मी चेष्टा करायची. मिटल्यालं मी एकदाच बघितलंय.” तिनं आपल्या हनुवटीखालून हात वर डोक्यापर्यंत फिरवला. “तिरडीवर. हितनं फडकं घालून वर गाठ मारावी लागली. मिटंनाच झालतं. माझ्या हातानं मारली गाठ. आता ह्यास्नी तीच पायजे व्हय चौकात?”

शिवय्या उठले. वाकून त्यांनी म्हातारीच्या पायाला हात लावला. ती गडबडली, “अवो, जंगम माणूस तुमी, उलटं काय करताय!”

सोमवारी पंचायतीच्या हॉलमध्ये फोटो नव्हते. शिवय्या रिकाम्या हातानं आले होते. खुर्च्यांवर कमिटी, मधे सरपंच राजनंदिनीताई, त्यांच्या शेजारी दादा.

“फोटू?” दादांनी विचारलं.

“बदल केला न्हाय.”

“का?”

शिवय्यांना भाषण येत नाही. खुर्चीची पाठ धरून ते उभे राहिले. “मिटल्यालं तोंड मढ्याचं असतंय. मी गाणाऱ्या बाईचा पुतळा घेतलता करायला. मढ्याचा न्हाय करणार.”

हॉल एकदम तापला. मढं म्हणताय व्हय आमच्या माउलीला! भाषा बघा! गणपतराव हात वर करून म्हणाले, “शांत व्हा, शांत व्हा. स्वामी, कलावंतानं समाजाच्या भावना ओळखायच्या असतात.”

“कुठल्या समाजाच्या, सर? बयाबाईला इचारलं का कुणी? माडीवर हुत्या त्या बायकांस्नी?”

दादा हसले. त्या हसण्यात धार होती. “स्वामी, एवढा धरम तुमास्नी आज आठवला? आमच्या आजोबांचा पुतळा तुमीच केलाय न्हवं? टक्कल फेट्याखाली घातलं, पोट आत घेतलं, आणि त्यांच्या हातात पुस्तक दिलंसा. त्यास्नी नुसता अंगठा उठवायचा म्हाईत हुता! तवा का न्हाय म्हणला, खोटं करणार न्हाय म्हणून?”

सगळे हसले. वार बरोबर बसला होता. शिवय्यांचा चेहरा काळवंडला. क्षणभर वाटलं, हा माणूस आता नेहमीसारखा ‘बघतो’ म्हणणार.

“तवा बी माझ्या पोटात दुखलंच,” ते म्हणाले. “पर दादा, तुमच्या आजोबास्नी मी ऐकलं न्हवतं. हिला ऐकलीया. आता मी काय करू, सांगा. कान कापून टाकू?”

कुणी हसलं नाही. मग खुर्च्या करकरल्या, कुजबुज झाली, आणि जे ठरायचं ते ठरलं. दादांना एक ठिकाण माहीत होतं. फायबरमध्ये करतात. तिथं बाईचं धड तयार असतं. कधी राणी म्हणून जातं, कधी देवी म्हणून. आशीर्वादाचा हात, डोक्यावर पदर, सगळं आयतं. फक्त मुंडकं बदलायचं, वर सोनेरी रंग मारायचा. उद्घाटनाला वेळेत मिळणार.

“सरपंच, ठरावावर सही,” दादांनी कागद बायकोपुढं सरकवला. राजनंदिनीताईंनी पेन हातात घेतलं, एकदा शिवय्यांकडं बघितलं आणि सही केली. आता या बाईला दोष द्यावा तर कोणत्या तोंडानं द्यावा? गावाचं सरपंचपद तिच्या नावावर आणि गावानं तिचा आवाज कधी ऐकला नाही. तानाबाईचं मिटल्या तोंडाचं मुंडकं करायला वेगळं ठिकाण कशाला शोधायचं होतं? नमुना तिथं खुर्चीवरच बसवून ठेवला होता.

शेडमध्ये परतल्यावर शिवय्यांनी स्टूल ओढलं आणि तानाबाईपुढं बसले. वाकडा ओठ तसाच होता. त्यांनी कोरणीनं अंगठ्याच्या रेघा खरवडल्या, ओठ खाली घेतला, पुन्हा बसवला. जमेना. आधी जे हातातून सहज उतरलं होतं ते आता येईना. तोंड उघडायचं, पण ते जांभई दिल्यासारखं दिसायचं, नाहीतर किंचाळल्यासारखं. गाणं येत नव्हतं. तीनदा माती काढली, तीनदा लावली.

मल्लव्वा भांडी घासून आली. बघत उभी राहिली. मग स्टूल घेऊन पुतळ्याच्या बाजूला बसली, हात कानावर ठेवला आणि गायला लागली. तिला आईकडून आलेलं एकच कानडी पद येतं. आवाज फाटका, सूर जागेवर नाही. पण बाईनं पोटातून तोंड उघडलं.

“वरच्या सुरावर थांब,” शिवय्या म्हणाले. त्यांची बोटं चालू झाली.

“किती थांबू? श्वास संपला.”

“पुन्ना म्हण.”

“अवो, जबडा दुखाला की! लग्न झाल्यापासनं गप बस म्हणत आलासा, आणि आता...”

“बोलू नको. म्हण.”

ती म्हणत राहिली. ओठ बसला. शिवय्या मागं सरकले आणि त्यांनी हात मांडीवर पुसले. मल्लव्वानं पुतळ्याकडं बघितलं आणि पदर डोळ्याला लावला. “आली की वो,” म्हणाली.

आली, पण तिला ठेवायचं कुठं? माती म्हणजे काही दगड नव्हे. सुकली की तडकणार. धातूत ओतायची तर ऑर्डर गेलेली. आणि आतला लोखंडी सांगाडा एकच, माती एकच. साखर कारखान्याच्या एका दिवंगत चेअरमनांचं काम पुढच्या आठवड्यात सुरू करायचं होतं. पोट आत घेतलेले चेअरमन. ते काम सोडता येत नव्हतं.

म्हणून शिवय्यांनी निदान डोक्याचा साचा घेतला. कानाच्या मागून मातीत पत्र्याच्या पट्ट्या रोवल्या, चेहऱ्यावर प्लॅस्टर चढवलं. पहिला हात त्यांनी तोंडावर मारला नाही. कपाळ, गाल, नाक, हनुवटी झाली आणि तोंड तेवढं राहिलं. मल्लव्वा घमेल्यात प्लॅस्टर ढवळत होती, ते घट्ट होत चाललं तशी म्हणाली, “घाला आता. दगड व्हईल ह्याचा.” त्यांनी चिपळ्यांच्या तालात मान हलवावी तशी मान हलवली आणि तोंडात प्लॅस्टर भरलं.

साचा सुटला. मागचं अर्धं वेगळं, चेहऱ्याचं अर्धं वेगळं. आतली माती त्यांनी बोटांनी काढली. बाकीचा पुतळा पायांपासून उतरवत नेला: पाय, लुगड्याच्या निऱ्या, चिपळ्यांचा हात. सगळा गोळा मातीच्या टाकीत गेला. आठवड्याभरात त्याचीच चेअरमनांची पॅन्ट झाली.

उद्घाटनाचे फलक पार कोल्हापूरपर्यंत लागले होते. मंत्र्यांचा मोठा फोटो, त्याहून थोडा लहान दादांचा, कोपऱ्यात सरपंचांचा आणि सगळ्यात खाली, शोधल्यावर सापडावा असा, तानाबाईचा. आधारकार्डासाठी काढलेला असावा. ओठ घट्ट आवळलेले.

त्या दिवशी शिवय्या चेअरमनांच्या कोटाची बटणं करत होते. दारात सावली आली. तीन म्हाताऱ्या. मधे बयाबाई, दोन्ही बाजूंनी दोघींनी धरलेली.

“आक्का? तुमी हितं? गावात आज कार्यक्रम हाय न्हवं?”

“हाय की. मंडप भरलाय. माणशी एक साडी वाटाल्यात. मंत्री यायचाय अजून.” बयाबाईनं चौकटीला हात लावून उंबऱ्याचा अंदाज घेतला. “ह्या दोघी बी माडीवर हुत्या. आमास्नी कळलं, तानी हितं हाय म्हणून आलो. एसटीत बसायला जागा बी न्हाय मिळाली, उभ्यानं आलो.”

शिवय्यांना धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. “आक्का, ती... ती न्हाय आता. माती मोडली मी. नुसता साचा हाय. पोकळ. त्यात कायबी कळायचं न्हाय.”

“आणा हिकडं.”

त्यांनी फळीवरून चेहऱ्याचं अर्धं उतरवलं आणि पाटावर उताणं ठेवलं. पांढऱ्या प्लॅस्टरची एक खोल वाटी. बाहेर असायचं ते नाक आत खोलगट झालेलं, गाल आत गेलेले, सगळं उलटं. बरोबरच्या दोघी वाकून बघत राहिल्या; त्यांना काहीच उमगेना. एक म्हणाली, “ह्यात कुठं हाय गं?”

बयाबाईला तर दिसतच नव्हतं. तिनं हात आत घातला. बोटं काठावरून उतरली, हनुवटीच्या खळग्यात थांबली, मग वर सरकली. आणि तिथं, जिथं तोंड होतं, तिथं एक उंचवटा हाताला लागला. साच्याचं असंच असतं. मिटलेलं तोंड असलं तर तिथं नुसती रेघ उमटते. उघडं असलं की आत गेलेलं प्लॅस्टर वर येऊन उभं राहतं. म्हातारीनं तो उंचवटा मुठीत धरला. अंगठा त्याच्या कडेकडेनं फिरवला, ओठाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पुन्हा फिरवला.

“व्हय,” ती म्हणाली. “उघडंच हाय.”

मग तिनं कनवटीची डबी काढली. “कपाळ कुठं आलं, स्वामी?”

शिवय्यांनी तिचं मनगट धरलं आणि बोट नेमक्या जागी नेलं. बयाबाईनं पांढऱ्या खळग्यात बुक्का लावला, कीर्तनाला उभं राहणाऱ्याला लावतात तसा. वाकली, साच्याच्या काठाला कपाळ टेकवलं. मागोमाग दुसरी वाकली, मग तिसरी.

मल्लव्वानं चहा ठेवला. म्हाताऱ्या वाळूच्या पोत्यावर बसून माडीवरच्या गोष्टी काढायला लागल्या, पुरात कुणाची शेळी वाहून गेली आणि कुणाची परत आली.

ओतायच्या आधी साचा लख्ख पुसावा लागतो. आत कणभर काही राहिलं तरी ओतलेल्या चेहऱ्यावर डाग उतरतो. शिवय्यांनी सवयीनं बुक्का पुसायला ब्रश उचलला होता. त्यांनी तो परत डब्यात ठेवला आणि दोन्ही हातांनी साचा उचलून फळीवर चढवला, तोंड वर करून.